मी इथे नाहीये, शेपटी खा

जगातल्या प्रत्येक थोर संस्कृतीचा पाया एकाच तत्त्वावर उभा असतो: जावयाने सासूच्या समोर येऊ नये. तिच्याशी बोलू नये, तिच्याकडे बघू नये, तिचं नाव घेऊ नये, ती बसली असेल त्या सावलीत पाय ठेवू नये. बाकीच्या जगाने किल्ले बांधले, तोफा ओतल्या, कायद्याची जाडजूड पुस्तकं लिहिली आणि तरीही घरोघरी कटकटी आहेतच. आमच्या पूर्वजांनी ही एवढी एकच गोष्ट केली आणि ऑस्ट्रेलियाच्या या लाल वाळूवर हजारो वर्षं जावई सुखाने नांदले.

फक्त आमच्या पूर्वजांनी कधी हॉटेल काढलं नव्हतं.

ते आमच्या रोशेलने काढलं. कॉर्कवुड या आमच्या गावच्या जुन्या पेट्रोल पंपाची कँटीन बंद पडली होती. तिने ती घेतली, घासली, रंगवली. चुलीवर तिची आई बेरिल, टेबलांवर तिचा नवरा लिनस, आणि स्वयंपाकघर व जेवणघर यांच्यामध्ये जे एकुलतं एक दार होतं, त्यात स्वतः रोशेल. लिनस ऑर्डर रोशेलला सांगे, रोशेल आईला सांगे, आई ताट रोशेलच्या हातात देई, रोशेल ते लिनसच्या हातात देई. बाहेरच्या माणसाला वाटे, केवढी शिस्त आहे! शिस्तच होती. दोघांमध्ये भांडण नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. भांडायला तोंडाला तोंड लागावं लागतं. लिनसला बेरिलबद्दल इतका आदर होता, की लग्नानंतर त्याने तिला एकदाही पाहिलं नव्हतं.

मी लिनसचा आजा लागतो. हॉटेलात माझ्याकडे मागच्या अंगणातली गंजकी खुर्ची हे खातं होतं, आणि मी ते एक दिवसही रजा न घेता सांभाळलं.

त्या अंगणातच बेरिलचा खड्डा. हॉटेलाची खरी चूल ती. खड्ड्यात लाकडं जाळायची, निखारे झाले की कांगारूची शेपटी केस जाळून, खरवडून आत पुरायची, वरून निखारे आणि गरम वाळू लोटायची, आणि मग गप्पा मारायच्या. बेरिलच्या आईने याच जागी शेपट्या पुरल्या, तिच्या आईनेही. पेट्रोल पंप नंतर आला. कांगारू तर अंगणाच्या तारेपलीकडे उभा राहून आमचा स्वयंपाक बघत असतो, पण हॉटेलाच्या ताटात घालायची शेपटी मात्र शहरातून, बर्फात गोठून, शिक्का मारूनच आली पाहिजे असा कायदा आहे. तारेपलीकडचा कांगारू त्यामुळे फार निवांत असतो.

तर या खड्ड्यावर कौन्सिलची नजर पडली. पर्यटकांच्या बसगाड्या वाढल्या, त्यांना उभं राहायला जागा हवी. एक दिवस माणसं येऊन अंगणात चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारून गेली. एका गाडीची जागा बरोबर खड्ड्यावर. रोशेल कौन्सिलात जाऊन टेबलावर हात आपटून आली. शेवटी साहेब म्हणाला, देशभर लोक ज्या खाण्याच्या वार्षिकात बघून जेवायला जातात, त्यात यंदा तुमचं नाव आलं तर खड्डा राहील. नाही आलं तर काँक्रीट.

त्या दिवसापासून बेरिल रोज संध्याकाळी त्या पांढऱ्या चौकोनाच्या मधोमध बसायला लागली. बोलायची नाही. नुसती बसायची, जणू कुणीतरी तिला तिथे पार्क करून विसरून गेलंय.

आणि एका शनिवारी फोन आला. वरच्या अंगाच्या पेट्रोल पंपावर लिनसचा चुलतभाऊ आहे, त्याचा.

"एक गोरी बाई आत्ता इथून निघाली. मोठी टोपी. बरोबर कॅमेरावाला. मी सँडविच दिलं तर विचारते, यातली पानं रानातून कुणी खुडली? ती त्या वार्षिकाचीच. दुपारी पोचतेय."

लिनसने फोन ठेवला आणि खुर्चीत बसला. कारण रोशेल नव्हती. ती अॅलिस स्प्रिंग्जला गेली होती, बायकांच्या फुटबॉलची अंतिम मॅच खेळायला. कप्तान तीच. निघताना म्हणाली होती, "आज कोण मरायला येतंय? बंद ठेवा."

"बंद ठेवूया का, आजोबा?" लिनस म्हणाला.

मी अंगणाकडे बघितलं. बेरिलने फोनचा आवाज ऐकला होता. ती चुन्याच्या चौकोनातून उठून खड्ड्यात लाकडं रचत होती.

"तुझं मत तिने ऐकलेलं दिसत नाही," मी म्हणालो.

दाराच्या मधे उभं राहायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. मी ते फार थोडा वेळ केलं. टोपीवाल्या फिलिपाबाई आल्या, टेबलाशी बसल्या, आणि त्यांनी लिनसकडे साधं पाणी मागितलं. मी आत जाऊन बेरिलला सांगितलं, "बाई म्हणतात, या वाळवंटात आल्यापासून मला एकच तहान आहे, तुमच्या हातच्या पाण्याची." बेरिलने बादली दिली. मग बाईंनी विचारलं, भाजीतली खारी पानं इथलीच का? मी आत सांगितलं, "बाई विचारतात, पानं ताजी आहेत, की बकऱ्यांनी टाकलेली?"

बेरिलने झारा उगारला. "म्हाताऱ्या, निरोप पोचवायचा असतो, रचायचा नसतो! जा, खुर्चीवर बस!"

मी मूळ खात्यावर परतलो.

आता दारात कुणीच नाही. लिनस बाहेर, बेरिल आत. तेव्हा मिनिस्टर कामाला आला. मिनिस्टर म्हणजे आमचा कुत्रा. सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतो, करत काहीच नाही, आणि जेवणाच्या वेळी हजर असतो, म्हणून ते नाव. लिनस भिंतीआड उभा राहिला, दाराकडे पाठ केली आणि कुत्र्याला म्हणाला,

"मिनिस्टर, कुणीतरी कुणाला तरी सांगायला हवं, की दोन भाकऱ्या आणि पानांची भाजी लागणार आहे."

आतून बेरिल म्हणाली, "मिनिस्टर, कुणीतरी जेव्हा चर्चचं गाणं म्हणत असेल, तेव्हा ते कुणीतरी स्वयंपाकघरात आहे असं समजावं. गाणं थांबलं की ते अंगणात गेलं. मग ज्याला ताटं उचलायची त्याने उचलावीत. आणि जाताना शीळ घालावी."

मिनिस्टरने कान खाजवला. ठराव पास झाला.

आणि काय सांगू, यंत्र सुरू झालं! बेरिलचा आवाज म्हणजे चर्चच्या पत्र्याला कंप सुटावा असा. गाणं चालू, लिनस बाहेर. गाणं बंद, बेरिल खड्ड्याशी, लिनस आत, ताटं उचलली, शीळ, लिनस बाहेर. बाभळीच्या भाजलेल्या बियांच्या पिठाची, राखेतली जाड भाकरी गेली. लोण्यात तळलेली खारी पानं गेली. रानटोमॅटोची आंबटकडू चटणी गेली. शहरात हेच सगळं चिमट्याने वाढतात, भल्यामोठ्या पांढऱ्या ताटात नखाएवढं. फिलिपाबाईंनी आपल्या ताटाकडे पाहिलं आणि विचारलं, "हे माझ्या एकटीचं?"

"पुरणार नसेल तर आणखी आहे," लिनस म्हणाला.

कॅमेरावाला बोलत नव्हता. तो खात होता.

इथवर सगळं नीट होतं. मग बेरिल शेपटी काढायला खड्ड्याशी आली, गाणं थांबलं, लिनस रिकामी ताटं घेऊन आत गेला. आणि जेवणघरात बसल्या बसल्या फिलिपाबाईंना ते गाणं आठवलं. लहानपणी रविवारच्या शाळेत त्यांनी तेच गाणं पाठ केलं होतं. पोटात भाकरी, अंगावर ऊन. बाईंनी डोळे मिटले आणि मोकळ्या गळ्याने ते म्हणायला सुरुवात केली. आवाजही, दुर्दैवाने, चांगला होता.

लिनस जागच्या जागी गोठला. गाणं जेवणघरात! म्हणजे बेरिल पुढच्या बाजूने वळसा घालून जेवणघरात शिरली. आता तिकडे जाणं शक्य नाही. तो मागच्या दाराकडे वळला, तर अंगणातून पावलं येत होती. जड, घासत चालणारी, शेपटीचं ओझं घेतलेली. ती पावलं त्याने कधी पाहिली नसली तरी ऐकलेली होती.

जगाच्या पाठीवर कुठल्याही जावयावर असा प्रसंग आला नसेल. दोन दारं, आणि दोन्हीकडून सासू.

त्याने कोल्डरूमचं दार उघडलं, आत गेला आणि ओढून घेतलं.

मी खिडकीतून सगळं बघत होतो. हस्तक्षेप करावा असं मला वाटलं, पण मला नुकतंच बडतर्फ केलेलं होतं.

बेरिल आत आली. ताटं बाजूला पडलेली. शिळेचा पत्ता नाही. बाहेर कुणीतरी तिचंच गाणं म्हणतंय. तिने भिंतीकडे तोंड करून हाक दिली, "मिनिस्टर! कुणी आहे का तिकडे?" मिनिस्टर शेपटीकडे बघत होता.

शेपटी तयार होती. निखाऱ्यातली शेपटी अगदी कमी वेळ वाट बघते; मग चरबी थिजते आणि सगळी कातडी कमरेच्या पट्ट्यासारखी होते. बेरिलने शेपटीकडे पाहिलं. खिडकीतून अंगणातल्या पांढऱ्या चौकोनाकडे पाहिलं. तिने खुंटीवरची घोंगडी ओढली, डोक्यावरून खाली गुडघ्यांपर्यंत घेतली, थाळा उचलला, आणि न जाणो जावई समोर असला तर, म्हणून उलट्या पावलांनी, पाठमोरी, जेवणघरात शिरली.

फिलिपाबाईंचं गाणं मध्येच तुटलं. दारातून एक घोंगडी मागे मागे सरकत त्यांच्या टेबलाशी आली. घोंगडीतून एक हात निघाला. थाळा टेबलावर ठेवला गेला.

"तुम्ही... तुम्ही कोण?" बाई म्हणाल्या.

"मी इथे नाहीये," घोंगडी म्हणाली. "शेपटी खा."

आणि तशीच निघून गेली. जाताना तोंड बाईंकडे व्हायला हवं होतं, पण घोंगडीला ती बाजू नव्हती. दाराच्या चौकटीला एकदा धडकली, चौकटीला काहीतरी म्हणाली, आणि आत गेली.

फिलिपाबाईंनी ती शेपटी हाताने खाल्ली. आधी काटा घेतला होता, मग सुरी घेतली, मग दोन्ही खाली ठेवलं आणि बाह्या वर केल्या. हाडाच्या सांध्यासांध्यातून चोखून खाल्ली. कॅमेरावाल्याने आपल्या वाट्याकडे हात नेला तर त्याच्या हातावर चापट मारली. आणि तेल लागलेल्या बोटांनी टेबलावरच्या कागदी रुमालावर त्यांनी काहीतरी लिहिलं. ते पुढे वार्षिकात मोठ्या अक्षरात छापून आलं: "इथे स्वयंपाकी स्वतःला पूर्ण पुसून टाकते, फक्त अन्न उरतं. मी आयुष्यभर जगातल्या मोठमोठ्या स्वयंपाक्यांना भेटले. त्यातला एकही कधी ‘मी इथे नाहीये’ म्हणाला नाही."

दरम्यान मी कोल्डरूमचं दार ठोठावलं. "बाहेर ये पोरा. ती पाहुणी गात होती. तुझी ती अंगणात गेली."

लिनस बाहेर आला. मिशांवर बर्फ, बगलेत चुकून उचललेली एक गोठलेली शेपटी. "ग-ग-गोड आवाज आहे पाहुणीचा," तो म्हणाला.

शेवटी लाल रानफळांची गोड वाटी गेली, चहा गेला. आणि फिलिपाबाई उठून उभ्या राहिल्या. टोपी काढली.

"यंदाच्या अंकात तुम्ही आहात," त्या लिनसला म्हणाल्या. "नुसते आहात असं नाही. पहिल्या पानावर."

लिनसने तोंड उघडलं, पण आतून एवढ्या जोरात पातेलं पडलं की त्याचं बोलणं राहून गेलं.

"आता फक्त फोटो," बाई म्हणाल्या. "पहिल्या पानाचा नियम आहे. स्वयंपाकी आणि वाढणारा, खांद्याला खांदा लावून, एका फोटोत. बोलवा त्यांना."

लिनसचा चेहरा पुन्हा कोल्डरूममधून आल्यासारखा झाला.

"ते नाही जमणार."

"एक क्षणाचं काम आहे हो!"

"बाई, त्या माझ्या सासूबाई आहेत."

"मग तर छानच! कुटुंब!"

"छानच आहे," लिनस म्हणाला. "म्हणून तर नाही जमणार."

बाईंनी समजावलं, गोंजारलं. संपादक ऐकणार नाहीत, फोटो नसेल तर पान दुसऱ्या कुणाला जाईल, त्यांना संध्याकाळचं विमान गाठायचंय. लिनस खिडकीपाशी गेला. अंगणातल्या चुन्याच्या रेघा उन्हात झगझगत होत्या. त्या खड्ड्याशिवाय हे हॉटेल म्हणजे चार टेबलं आणि एक कुत्रा, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"हवं तर काँक्रीट ओता," तो म्हणाला. आवाज बारीक होता, पण सरळ होता. "खड्डा दुसरा खणता येतो. त्यांच्या शेजारी मी उभा राहिलो, तर त्यांचा आणि माझा दोघांचा मान गेला. तो कुठे खणू?"

आणि मग आतून, पातेल्याच्या कडेवर, झाऱ्याचा आवाज आला. ठण्. ठण्. ठण्. बेरिल झारा वाजवत होती. मग तिचा आवाज आला, कुत्र्याला उद्देशून, पण सबंध कॉर्कवुडला ऐकू जाईल असा:

"मिनिस्टर! कुणाच्या तरी पोरीने नवरा बरा निवडला, असं कुणाला तरी आज वाटायला लागलंय!"

लिनस भिंतीला टेकला आणि त्याने डोळे पुसले. बर्फ वितळत असावा.

तेवढ्यात रस्त्यावर धुळीचा लोट उठला, आणि हॉर्न. एकदाच वाजलेला नाही, दाबून धरलेला, न सुटणारा. आमच्या टीमची बस! खिडक्यांतून निम्म्या पोरी बाहेर लोंबत होत्या, आणि टपावर, सगळे नियम धाब्यावर बसवून, रोशेल उभी. तिच्या हातात उन्हाने चमकणारा कप!

"जिंकलो ऽ!" ती ओरडली. "शेवटच्या मिनिटाला! मी गोल मारला!"

अख्खी टीम अंगणात उतरली. गुडघे खरचटलेले, जर्सी लाल धुळीने माखलेल्या, सगळ्यांचे गळे बसलेले. रोशेलने एक नजर टोपीवालीकडे टाकली, एक नवऱ्याकडे, एक बंद दाराकडे. लिनसने दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

"खांद्याला खांदा. एवढंच म्हणतो ना नियम?" रोशेलने बाईंना विचारलं.

"एवढंच."

"मधे किती खांदे असावेत, ते लिहिलंय?"

बाई विचारात पडल्या. "तसं... काही लिहिलेलं नाही."

"मग काय! चला गं, रांगेत उभ्या राहा! आई, घोंगडी घेऊन खड्ड्याकडे तोंड कर! लिनस, तू त्या टोकाला, रस्त्याकडे तोंड! आजोबा, खुर्चीतून उठू नका, तुम्ही देखावा आहात!"

आणि रांग लागली. एका टोकाला बेरिल, घोंगडीत, खड्ड्याकडे तोंड करून. तिच्या खांद्याला गोलरक्षक पोरीचा खांदा, तिच्या खांद्याला पुढचीचा, अशी सगळी टीम, मधोमध कप उंच धरलेली रोशेल, आणि पार दुसऱ्या टोकाला लिनस, रस्त्याकडे तोंड करून, छाती काढून. खांद्याला खांदा, कुठेही फट नाही. सासूचा खांदा जावयाच्या खांद्याला पोचला होता, सबंध गाव मधे घेऊन.

कॅमेरावाला मागे गेला. मावेनात. आणखी मागे गेला.

"आणखी मागे!" पोरी ओरडल्या.

तो काटेरी गवतात बसला, ओरडला, उठला, आणि तिथूनच फोटो घेतला. तो फोटो पहिल्या पानावर मावला नाही. वार्षिकाच्या जन्मात पहिल्यांदा पहिलं पान उघडून घडी मोडावी लागेल असं छापलं गेलं.

फोटो झाल्यावर पोरींनी नाचायला सुरुवात केली. बूट आपटत, कप एकमेकींच्या डोक्यावर घालत, आमच्या बायका नाचतात तशा, लाल धूळ उडवत. धूळ बसली तेव्हा अंगणात चुन्याची एकही रेघ उरली नव्हती. बेरिल खड्ड्याशी बसली होती, घोंगडी डोक्यावरून खाली सरकलेली, आणि तिच्याभोवती आता कुठलाच चौकोन नव्हता. ती चांगली हसत होती. मी तिला एवढं हसताना पाहिलं नव्हतं. फिलिपाबाईंनी तिथेच उभ्याने कौन्सिलच्या साहेबाला फोन लावला आणि पहिलं पान, खड्डा, काँक्रीट असे चारच शब्द अशा आवाजात उच्चारले, की साहेबाने तिकडून बाईंचीच माफी मागितली म्हणतात.

पोरी शेपट्यांवर तुटून पडल्या. कपात चहा ओतून प्यायल्या. मिनिस्टर खड्ड्याच्या काठावर हाड धरून, मतदारसंघ जिंकल्यासारखा बसला होता.

आणि त्या सगळ्या गोंधळात भिंतीपलीकडून, हळू, संकोचलेला आवाज आला:

"मिनिस्टर, कुणाकडे शेपटीचा एखादा तुकडा उरला असेल, तर कुणीतरी सकाळपासून काही खाल्लेलं नाही, एवढं कुणाला तरी सांगशील का?"